शब्दचर्चा : मर्कॅप्टन, थायॉल आणि सोन्याचा ‘क्लस्टर’

प्रश्न : भाषांतर करताना अडले आहे. सोन्याच्या ‘क्लस्टर’ची, म्हणजे मोजक्या अणूंच्या कणाची, थायॉलशी विक्रिया होते, असा मजकूर आहे. ‘क्लस्टर’ला ‘समूह’ लिहावं का? आणि मर्कॅप्टन म्हणजे थायॉलच ना?

प्रतिसाद : हो, एकच. कार्बनी रेणूत गंधकाला हायड्रोजन जोडलेला असला की तो थायॉल. मर्कॅप्टन हे जुनं नाव डॅनिश रसायनज्ञ झाइसे यांनी १८३० च्या दशकात लॅटिनवरून घडवलं. अर्थ ‘पारा पकडणारा’. गॅस सिलिंडर गळला की येणारा वास याच कुळातला. मला हे नाव फार आवडतं, कारण विक्रियेचं मर्म त्यातच आहे. गंधक पाऱ्याला धरतो तसाच सोन्याचांदीलाही धरतो. हायड्रोजन सुटतो आणि गंधक थेट धातूला बांधला जातो.

प्रतिसाद : ‘समूह’ नको, त्यात किती अणू हे मोघम राहतं. ‘गुच्छ’ घ्या आणि संख्या सोबत लिहा. २५ सोन्याचे अणू आणि १८ थायॉल-अवशेष (हायड्रोजन सुटल्यावर उरलेला थायॉलचा भाग) असलेला गुच्छ घ्या. त्याची रचना २००८ मध्ये स्फटिकावरून उलगडली. तेरा अणूंचा गाभा. उरलेले बारा बाहेर, सहा साखळ्यांत. प्रत्येक साखळी अशी : गंधक, सोनं, गंधक, सोनं, गंधक. म्हणून ‘थायॉल सोन्यावर चिकटतो’ हे वाक्य कृपया लिहू नका. गंधक सोन्याचे काही अणू स्वतःच्या साखळीत ओढून घेतो. इंग्रजीत त्या साखळीला ‘स्टेपल’ म्हणतात. मी ‘टाका’ सुचवेन.

प्रतिसाद : ‘टाका’ छान आहे, पण टाक्यात दोरा परका असतो. इथे दोऱ्यातही सोनंच आहे, हे एका वाक्यात सांगावं लागेल.

प्रश्नकर्ती : सांगते. मग ‘नॅनोकण’ चालेल का?

प्रतिसाद : या गुच्छासाठी नाही. मोठ्या सुवर्णकणांचं द्रावण माणकासारखं लाल दिसतं, ५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं. पंचवीस अणूंच्या गुच्छात शोषणाचं ते शिखर नसतंच. तो रेणूसारखा वागतो, त्याला ठरलेलं सूत्र असतं. आयआयटी मद्रासमध्ये रसायनज्ञ टी. प्रदीप यांच्या गटाने सोन्याचा आणि चांदीचा असे दोन गुच्छ द्रावणात एकत्र केले, तेव्हा त्यांनी आपसांत धातूचे अणू बदलून घेतले. अशा ठिकाणी ‘विक्रिया’ हाच शब्द हवा. ‘नॅनोकण’ मोठ्या कणांसाठी राखून ठेवा.