फिर्यादी बाईला मराठी येत नाही, कोर्टात दुभाषी मीच राहू का?

आशाताई_मेळघाट
मी आशा, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका आहे. गावातल्या एका कोरकू आदिवासी बाईला २०२५ मध्ये धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या वादातून भावकीतल्या दोघांनी मारलं, डोक्याला टाके पडले. ठाण्यात तिची फिर्याद मराठीत मीच सांगितली. आता तिला साक्षीचं समन्स आलंय आणि मलाही, कारण दवाखान्यात मीच नेलं होतं.
तिची मराठी बाजारापुरती. भाव, वजन, गाडीची वेळ. "कोणी धरलं, तू कुठं उभी होतीस" असं उलटसुलट विचारलं की नुसती मान हलवते, आणि लोकांना ते "हो" वाटतं. एकाने मागून हात धरले, दुसऱ्याने कुऱ्हाडीचा दांडा मारला, हे मी ठाण्यात सांगितलं होतं. कागदावर "दोघांनी मारहाण केली" एवढंच आलंय. सरकारी वकील म्हणतात, तुम्हीच समजावून सांगा तिला, भागेल. भागेल का?

ॲड_फौजदारी
नाही भागणार, ताई. तुम्ही स्वतः साक्षीदार. तुमची साक्ष व्हायच्या आधी तुम्हाला कोर्टहॉलबाहेर बसवतात, मग तिच्या शेजारी उभं राहून बोलणार कशा? बचावाचा वकील पहिला वार तिथंच करेल. तिच्यातर्फे लेखी अर्ज द्या, की साक्षीदाराची भाषा कोरकू आहे, त्रयस्थ दुभाषी मिळावा. नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटला कसा चालवायचा, त्या कायद्याच्या) कलम ३१२ प्रमाणे साक्ष तिच्याच भाषेत लिहून घेता येते. ते जमण्यासारखं नसेल तर साक्ष चालू असतानाच कोर्टाच्या भाषेत खरं भाषांतर तयार व्हावं लागतं. दुभाष्यावर खरं तेच सांगायचं बंधन कलम ३१७ चं.
तपशील राहिल्याचं म्हणाल तर एफआयआर म्हणजे विश्वकोश नव्हे, पण उलटतपासात तेच धरून बसतील. सरकारी वकिलांच्या कानावर आधीच घाला. फिर्याद तिला कोरकूत वाचून दाखवली होती का?

रानवाट
बाजारापुरती येते म्हणजे येतेच की. उगाच तारखा वाढतील, आरोपींचं फावेल.

निवृत्त_बेंचक्लार्क
रानवाट, तारखांची भीती खरी आहे, म्हणूनच अर्ज ऐन साक्षीच्या दिवशी देऊ नये. पण बाजारातली मराठी साक्षीच्या पिंजऱ्यात चालत नाही. उलटतपासातले निम्मे प्रश्न प्रश्नच नसतात, सूचना असतात, म्हणजे आरोपीचं म्हणणंच साक्षीदाराच्या तोंडी घालायचं. बाईने मान हलवली की "हे म्हणणे खरे आहे की, मी धुऱ्यावर स्वतः घसरून पडले" असं टंकलं जातं. एकदा टंकलं की निस्तरत बसा.
कोरकूचा दुभाषी कोर्टाकडे तयार असेलच असं नाही. दोन्ही भाषा येणाऱ्या, कुठल्याच बाजूशी नातं नसलेल्या दोघा-तिघांची नावं अर्जातच घाला, कोर्टाला सोपं जातं. दुसरं, साक्ष संपली की खाली "वाचून दाखविले, बरोबर आहे" अशी ओळ येते. ते तिला कोरकूत समजावून सांगणं कलम ३१३ मध्ये आहे. घाईच्या दिवशी हेच गाळलं जातं. तोवर अंगठा देऊ नको म्हणावं.

ॲड_फौजदारी
आणि वकील लागला तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि अनुसूचित जमाती, दोन्हींना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. फोन १५१००. तो वकील सरकारी वकिलांना मदत करेल. उलटतपास मात्र त्याला घेता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते स्पष्ट केलंय.

आशाताई_मेळघाट
फिर्याद वाचून दाखवली नव्हती, नुसता अंगठा घेतला. अर्ज याच आठवड्यात देते. एक शिक्षक आहेत, कोरकू उत्तम, पण आरोपीचा मुलगा त्यांच्याच वर्गात आहे. चालतील?

ॲड_फौजदारी
शिकवणं म्हणजे नातं नव्हे. तरी हरकतीला निमित्त कशाला? दुसऱ्या गावच्या शाळेतले बघा. आणि अंगठ्याची गोष्ट सरकारी वकिलांना आजच सांगा.