१९६८ चे शटआउट: गिब्सन १३, मग ३१ सामने जिंकणारा मॅक्लेन ६ वरच कसा?

आकडेमोड्या:
१९६८ च्या अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमधल्या शटआउटचा (समोरच्या संघाला एकही धाव न देता काढलेला सामना) तक्ता करतोय. नॅशनल लीगमध्ये बॉब गिब्सन १३, अमेरिकन लीगमध्ये लुईस टियांट ९. डेनी मॅक्लेनने ३१ सामने जिंकले, तरी शटआउट ६ च. शिवाय पिचरांची (चेंडू टाकणाऱ्यांची) बेरीज संघांच्या शटआउटपेक्षा कमी भरते. काय चुकतंय?

नववी_इनिंग:
बेरीज कमीच भरणार. पिचरच्या खात्यात शटआउट जमा व्हायला अख्खा सामना त्यानेच टाकायला लागतो. नऊपैकी आठ इनिंग शून्यावर काढल्या आणि नवव्या इनिंगला बदली पिचर आला, की शटआउट संघाचा. दोघांनाही काही नाही. अपवाद एकच: पहिल्याच इनिंगमध्ये, एकही आउट किंवा धाव व्हायच्या आत आलेल्या बदलीने शेवटपर्यंत शून्य राखलं, तर त्याला मिळतो.
ईआरएवरून (पिचरने नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी) मोजायला जाऊ नका. फील्डरच्या चुकीने गेलेली धाव ईआरएत येत नाही, शटआउट मात्र मोडते. ‘पूर्ण सामना’ आणि ‘एकूण धावा ०’ हे दोन्ही रकाने एकत्र तपासा.

डावरा_पिचर:
मॅक्लेनचं उत्तर होमरमध्ये (बॅटरला थेट धाव देणारा, सहसा मैदानाबाहेर जाणारा फटका) आहे. त्याचे पूर्ण सामने २८, गिब्सनचेही २८. पण मॅक्लेनने ३१ होमर खाल्ले, गिब्सनने ११. बेसवर कोणी नसताना गेलेला एक सोलो होमरही पुरे, शटआउट खलास! त्याचा संघ डेट्रॉईट भरपूर धावा करायचा, त्यामुळे एखादी गेली तरी सामना हातचा जात नसे. १९ सप्टेंबरला ६-१ आघाडी असताना त्याने समोरच्या संघाचा बॅटर मिकी मँटलला मुद्दाम मारण्याजोगा चेंडू दिला, मँटलचा ५३५ वा होमर तो.
गिब्सनचं उलट. १७ सप्टेंबरला रॉन हंटच्या एका होमरवर १-० ने हरला, कारण समोर गेलॉर्ड पेरीने नो-हिटर (एकही हिट न देता पूर्ण सामना) टाकला.

नववी_इनिंग:
तक्त्यात पिचर डॉन ड्रायस्डेलचे ८ असतील, त्यातले ६ ओळीने आहेत. पाचवा, ३१ मे, जायंट्स संघाविरुद्ध: नववी इनिंग, तिन्ही बेस भरलेले, एकही आउट नाही आणि चेंडू डिक डीट्झला लागला. चेंडू लागलेल्या बॅटरला पहिला बेस मिळतो, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना धाव आपसूक. पण अंपायर हॅरी वेंडेलस्टेटने ठरवलं की डीट्झने चुकवायचा प्रयत्नच केला नाही; परत बॅटिंगला उभं केलं. तो झेलबाद झाला आणि शून्य टिकलं. नियमाला धरूनच होतं, पण असा निर्णय देणारा अंपायर विरळा.

आकडेमोड्या:
मग १९६९ चे आकडे शेजारी लावू का?

डावरा_पिचर:
लावा, पण वर टीप हवी. १९६९ पासून माउंड (पिचर उभा राहतो तो उंचवटा) १५ इंचांवरून १० इंचांवर आणला, स्ट्राइक झोनची (चेंडू स्ट्राइक ठरतो ती बॅटरसमोरची चौकट) वरची हद्द खांद्यावरून काखेपर्यंत खाली आली आणि खालची गुडघ्याच्या वरच्या कडेला सरकली. गिब्सनचे पूर्ण सामने त्या वर्षीही २८ च होते. शटआउट ४.