ढाक्याचं गाणं हिंगण्याच्या गेटवर कशाला?

तुणतुणं : काल इथं एका भाऊंनी लिहिलं, "जगभरच्या कामगारांच्या एकजुटीची गाणी पुरे झाली. हिंगण्याच्या पोराला ढाक्याचं काय? त्याला त्याच्या पगाराचं गाणं द्या." हिंगणा म्हणजे आपली नागपूरजवळची कारखान्यांची वसाहत, तिथल्याच गेटवर मी गातो. रात्रभर डोक्यातून गेलं नाही. अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला तेव्हा रशिया पाहिलाही नव्हता, ते गेले १९६१ मध्ये. गाव दूरचं असलं म्हणून गाणं पडत नाही. 'शोषण, शोषण' असा कोरडा शब्द घोळवला की पडतं.

मागच्या पावसाळ्यात गेटसभेत मी राणा प्लाझावर म्हटलं, ढाक्याजवळ सावारला कपडे शिवायच्या कारखान्यांची इमारत होती ती. खंजिरीचं कातडं ओलीनं सैल पडलेलं, चहावाल्याच्या शेगडीवर धरून तापवलं. २४ एप्रिल २०१३ ला ती इमारत कोसळली, अकराशेवर माणसं गेली. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते, तरी सकाळी बायांना आत पाठवलं. कडवं असं :

भिंतीले गेला तडा, तरी मालक म्हने चढा,
तिनं शिवला सदरा घातला, माह्या काळजाले तडा.

एक पोरगा आपल्या शर्टाची कॉलर उलटी करून तो कुठं शिवला याचा शिक्का वाचत उभा राहिला. त्याला ढाक्याचं काय, हे त्यालाच विचारा.

कोराडीकर : तो भाऊ मीच. कडवं बरं आहे, मान्य. पण एका पोरानं कॉलर पाहिली म्हणून एकजूट झाली का? १९२९ मध्ये आयटकचं, म्हणजे देशभरच्या कामगार संघटनांच्या महासंघाचं, अधिवेशन आपल्या नागपुरात भरलं, नेहरू अध्यक्ष. इंग्रज सरकारनं कामगारांच्या चौकशीसाठी नेमलेल्या व्हिटली कमिशनवर बहिष्कार घालायचा का, परदेशातल्या कोणत्या संघटनेशी नातं जोडायचं, यावरून संघटना इथंच फुटली. मी कोराडीच्या वीजकेंद्रात तेवीस वर्षं ठेक्यावर काढली. राखेच्या धुरळ्यात सोबतचा माणूस खोकून खोकून घरी बसला, त्याच्यावर कोणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. मे दिनाला मात्र शिकागो, १८८६, सगळं तोंडपाठ!

पाचपावलीची लेक : दोघांनाही विचारते, एकजूट कोणाची? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातून, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीतून, धागा तोंडानं ओढावा लागे आणि त्यांच्या थुंकीचा धागा बाकीच्यांना चालत नसे. लाल झेंडा त्याच खात्यावर फडकत होता. बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. तुमच्या गाण्यात त्यातला दुसराच का असतो?

तुणतुणं : ताई, हा विषय वेगळा आहे.

पाचपावलीची लेक : वेगळा कसा? माझे बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली, हिशेबाचे पैसे हप्त्याहप्त्यानं आले, शेवटचा हप्ता बाबा गेल्यावर. मोर्च्यात ते सगळ्यांसोबत घोषणा द्यायचे आणि डबा खायला वेगळे बसायचे. 'विषय वेगळा' हे त्यांनीही जन्मभर ऐकलं.

खडीगंमतवाला : आमच्या खडीगंमतीच्या, म्हणजे नाचगाण्याच्या, फडात चोणकं वाजलं की त्या एकाच वाद्यावर सगळे नाचतात, जातपात कोनी पाहत नाही.

पाचपावलीची लेक : फडातलं नका सांगू मले. फड उठल्यावर जेवता कुठं, थे सांगा.

कोराडीकर : या बाबतीत ताई बरोबर आहे. मी हे लिहायला हवं होतं, लिहिलं नाही.

तुणतुणं : 'वेगळा' म्हटलं, चुकलं माझं. जागतिक गाणी मात्र मी सोडणार नाही. तडा दिसूनही माणसं आत पाठवतात, हे सावारलाही तेच आणि राखेच्या धुरळ्यातही तेच. कोराडीकर, त्या खोकणाऱ्या माणसाची पाळी कोणती होती, तोंडाला काय बांधायचा, लिहून पाठवा. राणा प्लाझाच्या कडव्याला लागूनच म्हणतो.

कोराडीकर : रात्रपाळी. बायकोच्या लुगड्याची चिंधी बांधायचा. नाव घालू नका, घरचे अजून इथंच राहतात.

पाचपावलीची लेक : आणि धोट्याचं कडवं मी लिहिते. ते पहिलं म्हणा, मग ढाका.