मदत हवी आहे: रोज ऑफिसला नेते तीच जिम्नी कॅम्पिंगसाठी तयार करायची आहे (स्टॅक पार्किंगची, म्हणजे एकावर एक गाड्या ठेवायच्या पार्किंगची, अडचण आहे)

नमस्कार मंडळी,

इथल्या गाड्यांच्या धाग्यांवर मी आजवर वाचनमात्र. आता गाडी माझी आणि गोंधळही माझाच, म्हणून लिहितेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गाडी मारुतीची जिम्नी (छोटी फोर व्हील ड्राइव्ह), अल्फा ऑटोमॅटिक, २०२३ची. तेवीस हजार किलोमीटर झालेत. त्यातले निम्म्याहून जास्त मुलुंड ते ऐरोली आणि परत, उरलेले डोंबिवलीला आईकडे. फोर व्हील ड्राइव्हच्या दांड्याला दीड वर्ष मी हातही लावला नव्हता. नवरा त्याला 'शोभेचा दांडा' म्हणतो. "एवढ्या पैशांत डिकीवाली गाडी येते," हे त्याचं गाडी घेतानाचं मत. २०८ लिटरच्या डिकीत बॅगा कोंबताना ते मला अजून ऐकवलं जातं.

कॅम्पिंगचं खूळ पवनेला लागलं. ऑफिसच्या ग्रुपबरोबर गेलो होतो. तंबू ओळीने, दोन तंबूंत हातभर जागा आणि पहाटे दोनपर्यंत स्पीकर. शेवटी मी आणि मुलगा (वय दहा) गाडीत जाऊन झोपलो. पुढच्या सीटचं हेडरेस्ट काढून पाठ पाडली की ती मागच्या सीटला जवळजवळ जुळते, हे तोवर फक्त व्हिडिओत पाहिलं होतं. मधे खड्डा राहतो, त्यात दोन उशा घातल्या. पहाटे काच पुसली तर समोर तिकोना. मुलाने तिथेच जाहीर केलं की आता हॉटेल बंद.

मग जूनमध्ये काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो. शेंडीच्या पुढे ओळखीच्या शेतकरी काकांकडे मुक्काम होता. रस्त्यापासून घर दोनशे फुटांवर, मधे खाचराच्या कडेने बैलगाडीची वाट. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता, पण सकाळच्या उन्हात वाट सुकल्यासारखी दिसत होती. मी टू व्हील ड्राइव्हमध्येच गाडी घातली. मध्यावर मागचं डावं चाक बसलं. तेव्हा दांडा आठवला. ४एच (चारही चाकांना ताकद) टाकून ॲक्सिलरेटर दाबला, तर आधी एक चाक खणत होतं ते आता सगळी मिळून खणायला लागली. उतरून पाहिलं. टायरच्या खाचा तांबड्या चिखलाने भरून चाक सारवल्यासारखं गुळगुळीत झालेलं, आणि मागच्या ॲक्सलचा मधला गोळा वाटेच्या उंचवट्यावर टेकलेला.

काकांनी काही न बोलता चपला काढून बांधावर ठेवल्या आणि ट्रॅक्टर आणला. विहिरीवरचा दोर पुढच्या हुकाला बांधला. गाडी निघाली, पण ओल्या दोराची गाठ अशी आवळली की शेवटी विळ्याने कापावी लागली. काकू म्हणाल्या, "नवा होता हो दोर." गाडी रुतली त्याच्यापेक्षा जास्त लाज मला त्या वाक्याची वाटली. दुसऱ्या दिवशी घोटीहून नवीन दोर आणून दिला, तरी.

परत आल्यावर एका गॅरेजमध्ये विचारलं. तिथल्या माणसाने गाडीभोवती एक चक्कर मारून कागदावर यादी लिहून दिली. दोन इंची लिफ्ट (म्हणजे स्प्रिंग बदलून गाडी तेवढी उंच करायची), २३५/७५ आर१५चे एमटी (चिखलाचे, खोल खाचांचे) टायर, पुढे लोखंडी बंपर, छपरावर कॅरिअर, त्यावर उघडणारा तंबू आणि वर एलईडी बार. एकूण दोन लाख ऐंशी हजार. वर म्हणाला, "मॅडम, गाडी ओळखू येणार नाही." मला ती ओळखू यायला हवी आहे, सोमवारी सकाळी मला तिच्यातूनच ऑफिस गाठायचं असतं.

आता माझ्या अडचणी. पहिली पार्किंगची. स्टॅक पार्किंगमध्ये खालचा कप्पा माझा, बोर्डावर उंचीची मर्यादा १८०० मिमी लिहिलीय. गाडी १७२० मिमी. म्हणजे माझ्याकडे आठ सेंटिमीटर शिल्लक, जेमतेम चार बोटं. कायमचा कॅरिअर लावला तर गाडी रोज रात्री रस्त्यावर.

दुसरी वजनाची. हे कोणी सांगितलं नव्हतं, मीच कागद काढून हिशेब केला. ऑटोमॅटिकचं रिकामं वजन १२१० किलो, भरून जास्तीत जास्त १५४५. मधे उरले ३३५. आम्ही चौघे (नवरा, मी, मुलगा, कधी कधी आई) मिळून २४५. कोणाचं किती ते विचारू नका. राहिले ९०. तंबूवाल्यांच्या वेबसाइटवर वजनं पाहिली तर पन्नास-साठ किलो, त्याखाली कॅरिअर वेगळा. मग पाणी आणि स्वयंपाकाचं सामान डोक्यावर घेऊन बसायचं का?

तिसरी आईच्या गुडघ्याची. तिच्यासाठी आत्ताच सीटमागे एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलंय. गाडी दोन इंच वर गेली तर स्टुलाखाली स्टूल लागेल.

बजेट ऐंशी हजार, फार तर नव्वद. वॉरंटी चालू आहे आणि ती घालवायची नाही. वर्षातून सहा-सात वेळा जाऊ, तेही भंडारदरा, नाणेघाट, जव्हार, ताम्हिणी अशा टप्प्यात. दगडांवर चढून व्हिडिओ काढायचे नाहीत. तर लिफ्ट खरंच लागते का? टायर कोणते? आणि रविवारी रात्री सगळं उतरवून ठेवता येईल अशी झोपायची सोय कोणी केलीय का?

प्रतिसाद १

ताई, प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. तुमचा 'मधला गोळा' टेकला ना? तो डिफरन्शियल, दोन चाकांत ताकद वाटणारा. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहेत, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या नळीवर. लिफ्ट किटने वाढते ती स्प्रिंगच्या वरची उंची, म्हणजे बॉडी आणि चॅसी. गोळा ॲक्सलवरच असतो, तो जिथल्या तिथे राहतो. म्हणजे दोन इंच लिफ्ट करूनही तुम्ही त्या दिवशी त्याच जागी, तशाच अडकला असता. फक्त जरा उंचावरून खाली बघितलं असतं.

गोळा उचलायला टायरच मोठा लागतो, आणि तिथेही गणित करून बघा. मूळ टायर १९५/८० आर१५, व्यास ६९३ मिमी. २३५/७५ घातला तर ७३३, म्हणजे गोळा वर जातो फक्त वीस मिमी. त्याच्या बदल्यात टायर चाकाच्या कमानीला घासतो म्हणून लिफ्ट करा, लिफ्टने कॅस्टर (पुढच्या चाकांच्या वळण्याच्या अक्षाचा कल) बिघडून स्टिअरिंग थरथरतं म्हणून बुश (जोडातले रबर) बदला, अशी रांग लागते. १०५ पीएसच्या इंजिनाला आणि चार गिअरच्या ऑटोमॅटिकला ती चाकं जड जातात ते वेगळंच. काटा शंभर दाखवेल तेव्हा तुम्ही जवळपास एकशे सहावर असाल. आणि मागच्या दारावर लटकणारी स्टेपनी? तीही मोठी आणि जड, दाराच्या बिजागऱ्यांवर.

तुमच्या वापराला २१५/७५ आर१५ चे एटी (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे) पुरे. उंची पाचच मिमी वाढते, पण तुम्हाला हवी आहे पकड, उंची नकोच आहे. एमटीच्या नादाला लागू नका. जुलैच्या पावसात ईस्टर्न एक्स्प्रेसवर ब्रेक मारायची वेळ आली की कळेल मी का सांगतोय.

प्रतिसाद २

मी मोटार विम्याच्या कामात आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. लोखंडी बंपर नकोच. केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना असे क्रॅश गार्ड, बुल बार हटवायला सांगितलंय. धडकेत मूळ बंपर चेपून धक्का पचवतो आणि एअरबॅगची वेळही त्याच रचनेवर ठरलेली असते. मधे लोखंड घातलंत की ते सगळं बिघडतं, आणि समोर पादचारी असेल तर त्याचं तर विचारूच नका.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीतल्या नोंदींशी विसंगत बदल करायचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठाम केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढे स्पॉटलाइट लावायलाही नियमांत मनाई आहे, खास परवानगी असेल तरच चालतो. टायरचं माप बदलणार असाल तर आधी विमा कंपनीला मेल करा आणि उत्तर जपून ठेवा. नंतर दाव्याच्या वेळी सर्व्हेअरने टेप काढल्यावर सुरू होणारे वाद मी रोज बघतो.

प्रतिसाद ३

वहिनी, माझ्याकडे वीस वर्षं जिप्सी होती, त्या अनुभवाने सांगतो. आधी दांडा शिका, टायर नंतर. चिखल दिसला की शिरायच्या आधी ४एच. वाट खराबच असेल तर थांबून, न्यूट्रलला घेऊन ४एल (चारही चाकं, वेग कमी, ओढ जास्त) आणि मुंगीच्या चालीने जायचं. एक चाक फिरायला लागलं की गाडीच त्याला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे देते, पण त्यासाठी पाय स्थिर हवा. आपण घाबरून दाबतो आणि खणतो. एक लक्षात ठेवा, कोरड्या डांबरावर ४एच नको. मधे डिफरन्शियल नसल्याने वळताना यंत्रणेवर ताण येतो.

दुसरं म्हणजे हवा. चिखलात, वाळूत १८-२० पीएसआयवर आणा, टायर पसरून बसतो. डांबरावर आल्यावर पुन्हा स्टिकरवर लिहिलीय तेवढी भरा. म्हणून पहिली खरेदी कंप्रेसरची. तो बॅटरीला चिमट्याने लावायचा घ्या. मोठा कंप्रेसर सिगरेट सॉकेटला लावलात तर फ्यूज उडेल.

मग दोन रिकव्हरी बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली सारायच्या फळ्या), एक ताणणारा कायनेटिक दोर आणि सॉफ्ट शॅकल (दोर हुकाला अडकवायची दोरीचीच कडी). गाठ मारायचीच नाही, म्हणजे विळा लागणार नाही. ओढताना पोरांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा. तुटलेला दोर कोणाकडे जाईल ते सांगता येत नाही. हे सगळं मिळून वीस किलोच्या आत बसतं.

आणि कोकणात वाळूवर गाडी घालू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. एक तर ते बेकायदा. शिवाय भरती तुमच्या टोइंगवाल्याची वाट बघत नाही.

प्रतिसाद ४

झोपायच्या सोयीबद्दल कोणी बोललंच नाही. पूर्ण शीट प्लाय टाकू नका. बारा मिमीची आठ बाय चार शीट तेवीस किलोच्या आसपास भरते. मी पातळ ॲल्युमिनियम सेक्शनची चौकट केली, वर नऊ मिमी प्लायचे तीन तुकडे बिजागरीने जोडले. घडी घातली की पलंगाखाली जाते. गादी कुर्ल्याच्या फोमवाल्याकडून तीन इंची, मापाने कापून.

दारांवर मच्छरदाणीच्या पिशव्या चढवा, काचा दोन बोटं खाली. आत गॅस स्टोव्ह पेटवायचा नाही, आणि इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. गोळ्याचं गणित वाचून मी गॅरेजवाल्याची यादी पुन्हा काढली. टायर सोडले तर त्यातली एकही गोष्ट त्या दिवशी उपयोगी पडली नसती. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे शोभेचा दांडाच खरा." यावर मी काही बोलले नाही.

ठरवलंय असं: कंप्रेसर, बोर्ड, दोर आणि शॅकल आत्ता. विमा कंपनीला टायरबद्दल मेल केलाय, उत्तर आल्यावर २१५/७५ चे पाच एटी. पाच यासाठी की स्टेपनी वेगळ्या मापाची ठेवून ४एचमध्ये अडकायची माझी इच्छा नाही. छपरावर काहीच नाही. सावलीला मस्जिद बंदरहून ताडपत्री आणेन, ती मागच्या दारापासून दोन काठ्यांवर ताणायची. आईला हे फार आवडलंय. तिच्या मते ताडपत्रीखाली बसून चहा पिणं म्हणजेच कॅम्पिंग, बाकी सगळं तुमचं खूळ.

प्रतिसाद ४ वाल्यांना एक विचारायचं होतं. रविवारी सुतार माप घ्यायला येतोय. माझा नवरा पाच फूट अकरा इंच. तुम्ही चौकट टाकताना पुढच्या सीट पूर्ण पुढे सरकवल्या होत्या की पाठी पाडून त्यांच्यावरून नेली? आणि पाय डिकीकडे केलेत की डॅशबोर्डकडे? तेवढं शनिवारपर्यंत सांगाल का?