घरचा संत्रा अन् मायची शुगर: रोज किती द्यावा?

वरूडचं_वावर
आंबिया बहाराची तोडणी सुरू आहे, घरात संत्र्याचा ढीग लागला. मायचं वय ६२, शुगरच्या गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नाही. सारे म्हणतात, गोड फळ बंदच करा. बहिणीला रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या आहेत. दोघींना किती अन् कधी द्यावा? रस काढून चालतो का?

आहार_यवतमाळ
बंद कशाला? मध्यम संत्रा सोलून १००-१२५ ग्रॅम भरतो. त्यात १२-१४ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे मध्यम केळाच्या जवळपास निम्मी. मायला दिवसाला एक पुरे. एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) २०२४ च्या आहार मार्गदर्शनातही धडधाकट माणसाला रोज १०० ग्रॅमच फळ धरलं आहे.

रस नको. एका ग्लासात तीन-चार संत्रे जातात, चोथा गाळणीत राहतो अन् साखर झपाट्यानं रक्तात उतरते. आपल्याकडे तर फाक चोखून चोथा थुंकायची सवय आहे, तोही रसच झाला की! बी काढा अन् फाक पातळ सालीसकट चावून गिळायला सांगा. पांढऱ्या शिराही खरवडत बसू नका, तंतुमय भाग त्यातच आहे.

मायनं भाकर-भातावर लगेच खाऊ नये, सकाळी अकराला किंवा दुपारी चारला खावा. दोन तासांनी मशीनवर शुगर पाहा. १८० च्या वर जात असेल तर अर्ध्यावर या आणि डॉक्टरांना आकडे दाखवा.

काटोलची_ताई
बहिणीचं गणित उलटं, तिनं जेवणासोबतच खावा. ज्वारीची भाकर अन् तुरीच्या वरणातलं लोह सहजी अंगी लागत नाही, क जीवनसत्त्व सोबत असलं की जास्त शोषलं जातं. १०० ग्रॅम संत्र्यात ते ५० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, जामात (पेरूत) त्याच्या चौपट. जाम मिळत असेल तर तोच द्या. लोहाच्या गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको, नाहीतर गोळी वाया. कॅल्शियमची गोळी असेल तर ती वेगळ्या वेळेला.

आहार_यवतमाळ
रस कामाचा एकाच प्रसंगी: शुगर ७० च्या खाली गेली, घाम सुटला, हात थरथरायला लागले तर अर्धा ग्लास द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. काही गोळ्यांनीही शुगर अशी पडते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीच ओतायचं नाही, सरळ दवाखाना.

मोर्शी_बागायत
भाऊ, मायचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ततपासणी) पाहिलं का? किडनी कमजोर असून पोटॅशियम वाढलेलं असेल तर संत्रा, केळी डॉक्टरांना विचारूनच.

अन् फवारणीचं पाहा. तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते औषधाच्या लेबलवर असतं. तेवढे दिवस भरल्याशिवाय घरीही खायचा नाही. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा अन् मगच सोला, कारण सालीवरचं हाताला अन् हाताचं फाकेला लागते. गळलेल्या फळांत देठाशी मऊ पडलेला, बुरशीचा वास येणारा अख्खा फेका. चांगली बाजू कापून पोराबाळांना देऊ नका.