सायन्स आणि सायफायची चित्रं काढून पोट भरतं का? (नाशिक)

गोदाकाठ: मी कमर्शियल आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नाशिकलाच. ग्रह, यानं, किडे, पेशी यांचीच चित्रं काढायची आहेत, पण बाबा म्हणतात लोगो आणि लग्नपत्रिका शिक, त्याला मरण नाही. इथे राहून हे जमेल का? आणि आधी सायन्स की सायफाय?

शाईपेन: आधी सायन्स, डोळे झाकून. मी बारा वर्षं पुस्तकांसाठी चित्रं काढतोय, गंगापूर रोडला घरूनच, फाइल मेलने जाते, गाव कोण विचारत नाही. चेस्ली बोनस्टेलचं बघ. माणूस आर्किटेक्चरकडून आलेला, मग हॉलिवूडमध्ये सिनेमांच्या मागचे देखावे रंगवायचा, आणि १९४४ला लाइफ मासिकात त्याची शनीची चित्रं आली तेव्हा वय ५६. टायटनवरून, म्हणजे शनीच्या सगळ्यात मोठ्या चंद्रावरून, शनी केवढा दिसेल हे त्याने मनाने नाही ठरवलं, गणित केलं. तूही कर, शनीचा व्यास साधारण १,२०,००० किमी, टायटन १२ लाख किमीवर, म्हणजे साडेपाच अंशाच्या आसपास. हात लांब करून मधली तीन बोटं धर, जवळजवळ तेवढा शनी! आणि टायटन कड्यांच्याच पातळीत फिरतो म्हणून तिथून कडी पसरट नाही, बारीक रेघ दिसणार. हे माहीत नसलेला चित्रकार हमखास चुकतो.

दुर्बीणवाली: +१. पण त्याचं टायटनचं आकाश निळं होतं, आणि २००५ला ह्युजेन्स यान तिथे उतरलं तेव्हा सगळं नारिंगी धुरकट निघालं. तरी ते चित्र मला खोटं वाटत नाही, तेव्हा जेवढं माहीत होतं त्याला धरून काढलेलं आहे ना.

शाईपेन: अगदी. आता पैशाचं. एका प्रकाशकाने माझी ४० चित्रं छापली आणि निम्मे पैसे आजतागायत दिले नाहीत, लेखी काहीच नव्हतं माझ्याकडे, फार मनस्ताप झाला. अर्धा ॲडव्हान्स आल्याशिवाय पेन्सिल उचलू नकोस, किती वेळा बदल करून देणार तेही लिहून घे. पहिली दोन-तीन वर्षं पत्रिका पण कर, बाबा चुकीचं नाही सांगत. पोर्टफोलिओत मात्र त्या टाकू नकोस.

गोदाकाठ: खूप आभार दोघांचे. आत्ता गच्चीवर जाऊन तीन बोटं धरून बघितली, केवढा मोठा असेल तो!! मी आजवर कडी तिरकीच काढत होतो. उद्या पांडवलेणीच्या पायथ्याचे दगड स्केच करायला जातोय, टायटनची जमीन त्यावरूनच करणार.

दुर्बीणवाली: ह्युजेन्सच्या फोटोतले दगड गोलसर आहेत, नदीतल्यासारखे. पांडवलेणीपेक्षा गोदावरीच्या पात्रात जा.