स्टेट डेटा (म्हणजे उपकरण सांगतं ती आत्ताची स्थिती) मॉडेलमध्ये बसत नसेल तर फेकून द्यायचा का?

खाडीकाठचा:
महापेला नाईट शिफ्ट असते माझी, नेटवर्क ऑटोमेशन. परवा रात्री पावणेतीनला एका राऊटरचं लाईनकार्ड (पोर्ट असलेली पट्टी) रिसेट झालं आणि नंतर बराच वेळ त्या कार्डच्या चार पोर्टांचा डिस्कंटिन्युइटी-टाईम (काउंटरची सलग मोजणी शेवटची कधी तुटली ती वेळ) यायचाच बंद. यँग ही उपकरणाच्या डेटाचा साचा लिहायची भाषा, तिच्या इंटरफेस मॉडेलमध्ये तो मँडेटरी आहे, झालं, आमच्या व्हॅलिडेटरने (डेटा साच्यात बसतो का ते तपासणाऱ्या प्रोग्रॅमने) अख्खा रिप्लाय फेकला, बाकी ४४ पोर्ट धड असून. डॅशबोर्ड रिकामा, आणि मी आपला चहा पीत बसलोय की पोलर (डेटा मागवणारा प्रोग्रॅम) अडकला असेल. त्या चारांचा ऑपर-स्टेटस (पोर्ट चालू की बंद) डाऊन असं स्पष्ट आलं होतं हो त्या रिप्लायमध्ये! माझं म्हणणं एवढंच, कॉन्फिग (आपण दिलेली सेटिंग) कडक तपासा, स्टेटला मस्ट (ही अट खरी असलीच पाहिजे) आणि मँडेटरी लावूच नका. कॉन्फिग म्हणजे ट्रान्स हार्बर लोकलचं टाईमटेबल, स्टेट म्हणजे प्लॅटफॉर्मवर आत्ता काय उभंय ते. टाईमटेबलात नाही म्हणून समोरची गाडी खोटी?

दिघा_फास्ट:
दादा, दिघ्याला उभे राहून इंडिकेटर बघा एकदा, मग सांगा समोरचं नेहमी खरं असतं का 😄
आता मुद्दा. आरएफसी (इंटरनेटचं मानक) ७९५०, २०१६ ची, म्हणजे यँग १.१, सरळ म्हणते की स्टेट डेटावर कंस्ट्रेंट (अट) असेल तर फिल्टर न लावलेल्या गेटच्या (डेटा मागायच्या कमांडच्या) उत्तरात तो पाळला गेलाच पाहिजे. मॉडेल म्हणजे करार आहे, व्हेंडरने मोडला तर तुम्ही का गप्प बसायचं?

खाडीकाठचा:
२०१८ ची आरएफसी ८३४२ वाचा की. ऑपरेशनल डेटास्टोरचं (स्टेट जिथून वाचतो त्याचं) कामच मुळी आत्ता वापरात काय आहे ते सांगणं, त्यामुळे कंस्ट्रेंट पाळावेत पण कधी मोडू शकतात असं लिहिलंय. मस्ट, व्हेन, मँडेटरी, युनिक, सगळी नावं दिलीयेत.

दिघा_फास्ट:
अर्धंच वाचलंत. पुढेच आहे की सिंटॅक्स मोडायचा नाही, टाईप (आकडा, स्ट्रिंग वगैरे प्रकार) चुकला तर तो नोड (डेटातली ती नोंद) पाठवायचाच नाही. म्हणजे तपासणी बंद करा असं कुठे म्हटलंय?

घणसोलीकर:
टाईपचा किस्सा माझ्याकडे आहे. जेसन फॉरमॅटमध्ये काउंटर६४ (६४ बिटांचा मोजणीचा आकडा) स्ट्रिंग म्हणून यायला हवा, आमचा एक डबा (राऊटर) नंबर म्हणून पाठवायचा. २ चा ५३ वा घात ओलांडला की डबल प्रिसिजनमध्ये (बरेच प्रोग्रॅम नंबर ठेवतात त्या पद्धतीत) आकडा नीट मावत नाही, १०० जीची (सेकंदाला १०० गिगाबिट) लिंक फुल चालली तर ऑक्टेटचा (बाईटचा) काउंटर साधारण सव्वाआठ दिवसांत तिथे पोचतो.

खाडीकाठचा:
आणि फरक किती? एका बाईटचा! ग्राफवर कोणाला दिसणार तो. म्हणजे बघा, टाईपचा नियम कडक, तो मोडला तिथे नुकसान एक बाईट, आणि मँडेटरीचा सैल, तिथे माझी अख्खी रात्र.

घणसोलीकर:
उद्या त्याच जागी "एन/ए" आलं तर पार्सर (डेटा वाचणारा कोड) आडवा पडेल ना. आणि खरं सांगू का, रागावू नका, पण तुमचा व्हॅलिडेटर बरोबर होता. मँडेटरी नोड आलेला नाही हे त्याने बरोबर ओळखलं, फेकायला कोणी सांगितलं होतं? ते तुमच्याच कोडने केलं. आम्ही टाईप चुकला तर तेवढाच नोड बाजूला काढतो, मस्ट-मँडेटरी मोडलं तर डेटा आत घेतो आणि त्यावर लाल खूण मारतो, अलार्म वेगळा.

खाडीकाठचा:
हे पटतंय थोडं. पण लाल खुणा ढिगाने येतात हो, आठवड्यात लोक बघायचं सोडतात, सगळ्याच नॉकमध्ये (नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रांत) हेच.

दिघा_फास्ट:
तिकीट टाकलं का व्हेंडरला?

खाडीकाठचा:
टाकलं. म्हणे एक्स्पेक्टेड बिहेवियर.

दिघा_फास्ट:
मग डेव्हिएशन मॉड्यूल (उपकरण मॉडेलचं काय पाळत नाही ते सांगणारी यँग फाईल) मागा लेखी. आधीच माहीत असेल की मॉडेल पाळलं जात नाही तर तसं जाहीर करावं, हे तुमच्याच लाडक्या ८३४२ मध्ये आहे.